हीटर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, तरी ब्रिटनमधले लोक जुन्या लॉऱ्यांवर एवढा जीव का टाकतात?

मे महिन्याच्या सुरुवातीच्या एका रविवारी लंडनहून ब्रायटनच्या दिशेने एक अजब वरात निघते. नवरदेव नाही, घोडा नाही. असतात त्या जुन्या लॉऱ्या, बस, आगीचे बंब. कुणी १९३०च्या दशकातली, कुणी १९५०च्या. चकचकीत रंग, दारावर हाताने रंगवलेलं मालकाचं नाव आणि गाव, आणि आजच्या हिशोबाने बैलगाडीला बरा म्हणावा असा वेग. १९६२ पासून ही फेरी निघते आणि ती भरवणारी हिस्टॉरिक कमर्शियल व्हेईकल सोसायटी तर त्याहून जुनी, १९५८ सालची.

जुन्या गाड्यांचा शौक आपल्याला नवा नाही. कुठल्यातरी संस्थानिकाची रोल्स रॉइस जपली तर ते समजण्यासारखं आहे. पण ही लॉरी आयुष्यभर सिमेंटची पोती, कोळसा, नाहीतर बिअरची पिंपं वाहत होती. ती बसायला त्रासदायक, चालवायला अवघड आणि ठेवायला अंगण पुरत नाही. तरीही ब्रिटनमध्ये लोक वर्षानुवर्षं खपून भंगारातल्या लॉऱ्या उभ्या करतात. हे करणाऱ्यांत श्रीमंत शौकीन कमी, जुने ड्रायव्हर, मेकॅनिक आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची मुलं जास्त.

आणि हा विषय वाटतो तितका आपल्यापासून लांब नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली बस सुटली, ती बेडफर्ड कंपनीची होती. बेडफर्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेला ल्यूटन गावातला कारखाना. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात सेडन, अल्बियन, कॉमर, मॉरिस कमर्शियल आणि लेलँड अशी एकाहून एक ब्रिटिश नावं होती. आज यातलं एकच नाव आपल्या हायवेवर रोज दिसतं, अशोक लेलँड. यातलं लेलँड हे इंग्लंडमधल्या लँकशायरमधलं एक गाव आहे. तिथे १८९६ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाड्या बनवणारी कंपनी सुरू झाली आणि पुढे गावाचंच नाव कंपनीला मिळालं.

एका गावात दोन कारखाने

त्या काळात ब्रिटनमध्ये लॉरी बनवणाऱ्या किती कंपन्या होत्या? मोजताना दमायला होतं. लेलँडमध्ये लेलँड. लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे आज जो भाग पंजाबी वस्तीसाठी ओळखला जातो तिथे, एईसी. वॉटफर्डमध्ये स्कॅमेल, ग्लासगोत अल्बियन, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये गाय, प्रेस्टनजवळ अ‍ॅटकिन्सन, ओल्डहॅममध्ये सेडन. आणि चेशरमधल्या सँडबॅच या छोट्याशा गावात एक सोडून दोन, फोडन आणि ईआरएफ.

सँडबॅचची गोष्ट तर एखाद्या कौटुंबिक मालिकेत शोभावी अशी. एडविन फोडन यांनी वाफेच्या लॉऱ्या बनवून नाव कमावलं. कारखान्याचा स्वतःचा ब्रास बँड होता, १९०० साली सुरू झालेला, आणि तो आजही वाजतो. पण १९३०च्या सुमारास वाफेचे दिवस भरत आले होते. एडविन यांचा मुलगा एडविन रिचर्ड याचं म्हणणं होतं की पुढचा काळ डिझेलचा आहे. घरच्या कंपनीत त्याचं पुरेसं चाललं नाही. तो बाहेर पडला आणि १९३३ मध्ये स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याने ईआरएफ काढली. तेव्हा त्याचं वय होतं ६३. पहिल्या लॉरीला चासी नंबरही ६३ दिला, तो मालकाच्या वयावरूनच असं सांगतात. आपल्याकडे ज्या वयात माणूस नातवाला बागेत नेतो, त्या वयात या गृहस्थाने वडिलांच्या कंपनीला टक्कर द्यायला कारखाना उघडला. पुढे फोडनही डिझेलवरच गेली आणि दोन्ही कारखाने एकाच गावात सात दशकं नांदले.

इतक्या कंपन्या तगल्या कशा, याला एक साधं कारण आहे. यातल्या बऱ्याच कंपन्या सगळं स्वतः बनवत नसत. इंजिन एकाकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, अ‍ॅक्सल तिसऱ्याकडून घ्यायचे. केबिन सुतार आणि पत्राकाम करणारे मिळून उभी करायचे, आत लाकडी सांगाडा आणि वर पत्रा. गिऱ्हाईक म्हणजे ट्रान्सपोर्टवाला येऊन सांगायचा, मला अमुक इंजिन हवं, तमुक गिअरबॉक्स हवा. शिंप्याकडे कापड देऊन सदरा शिवून घ्यावा तसा हा धंदा होता. त्यामुळे दोन मालकांच्या एकाच कंपनीच्या लॉऱ्याही एकसारख्या नसायच्या.

इंजिनांमध्ये सगळ्यात मान होता गार्डनरला. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये ते बनायचं. १९५० आणि ६० च्या दशकांत त्याची ताकद होती १५० हॉर्सपॉवर, नंतर १८०. आज त्याच वजनाचा माल ओढायला याच्या दुप्पट-तिप्पट ताकद लावतात. गार्डनर सावकाश फिरायचं, डिझेल कमी प्यायचं आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालायचं. मालकाला ते परवडायचं. ड्रायव्हरला मात्र चढावर मागे कारची रांग लागलेली आरशात बघत बसावं लागायचं.

याच्या उलट टोकाला कॉमरचं टीएस३. तीन सिलिंडरमध्ये सहा पिस्टन, समोरासमोर येणारे, टू-स्ट्रोक. त्याचा आवाज इतका वेगळा होता की लॉरी दिसायच्या आधी ओळखू यायची. लोक त्याला ‘नॉकर’ म्हणायचे. जुन्या ड्रायव्हरांना आजही डोळे मिटून इंजिनच्या आवाजावरून कंपनी सांगता येते, ती याच वैविध्यामुळे.

शाप नावाचा घाट

आता या लॉऱ्या चालवणं म्हणजे काय होतं ते बघू, कारण आठवणींच्या गोडव्यात हा भाग पुसला जातो.

१९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये जड लॉरीला कायद्याने परवानगी होती ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. लंडन ते ग्लासगो अंतर सुमारे ४०० मैल. कुठेही न थांबता, पूर्ण वेगाने गेलं तरी २० तास. आणि ड्रायव्हरला दिवसात ११ तासांपेक्षा जास्त चालवायला १९३०च्या कायद्याने बंदी. म्हणजे कागदावर तरी हा दोन दिवसांचा प्रवास. कागदावर म्हणायचं कारण, लॉगबुक हाताने भरायचं असे आणि त्यात काय लिहायचं हे बऱ्याचदा मालकाला काय हवंय त्यावर ठरायचं.

वाटेत मोटरवे नव्हते. पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, १९५८ च्या डिसेंबरात उघडला आणि एम-१ त्यानंतर वर्षभराने. तोवर प्रत्येक गावाच्या बाजारपेठेतून लॉरी न्यायची. आणि उत्तरेला स्कॉटलंडकडे जायचं तर ए-६ रस्त्यावर एक घाट होता. त्याचं नाव शाप. योगायोग आहे, पण मराठी माणसाला या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

उंची सव्वाचारशे मीटरच्या आसपास. आपल्या घाटांपुढे काहीच नाही असं वाटेल. पण १५० हॉर्सपॉवर, वीस-बावीस टन वजन, उघडा माळ आणि बर्फ. लॉरी खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढायची. उतरताना ब्रेक तापायचे. हिमवादळ आलं की गाड्या अडकायच्या आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या घरी ड्रायव्हरांना रात्र काढावी लागायची. १९७० मध्ये एम-६ मोटरवे तयार झाला आणि शापचा रस्ता एका फटक्यात ओस पडला. एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या बोरघाटाचं झालं तसंच. आज शापच्या माथ्यावर एक स्मारक आहे. राजाचं नाही, सेनापतीचं नाही. या अवघड रस्त्यावरून गाड्या नेणारे ड्रायव्हर, रस्ता राखणारे कामगार आणि अडकलेल्यांना जेवण आणि आसरा देणारे गावकरी, यांच्यासाठी ते उभं केलंय. लॉरी ड्रायव्हरांसाठी असं स्मारक जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

लेलँड कंपनीने जाहिरात म्हणून मोठ्या रस्त्यांच्या कडेला उंच घड्याळं बसवली होती. ड्रायव्हरला वेळ कळायची आणि कंपनीचं नाव डोळ्यांसमोर राहायचं. शापवरचं घड्याळ आता जवळच्या केंडल गावात जपून ठेवलंय.

केबिनमध्ये हीटर बऱ्याच लॉऱ्यांत नसायचा. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, त्यामुळे एक पाय भाजतोय आणि दुसऱ्याला दाराच्या फटीतून गार वारा लागतोय असा प्रकार. जाड ओव्हरकोट घालून, गुडघ्यांवर पोतं टाकून गाडी चालवायची. १९६२-६३ च्या कुप्रसिद्ध थंडीत टाकीतलं डिझेल मेणासारखं घट्ट झालं, तेव्हा ड्रायव्हरांनी टाकीखाली जळती चिंधी धरून ते पातळ केलं. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण दुसरा उपाय नव्हता.

गिअर म्हणजे तर वेगळीच विद्या. क्रॅश गिअरबॉक्सला नुसता क्लच दाबून भागत नसे. डबल क्लच मारायचा, इंजिनचा वेग कानाने ओळखायचा आणि नेमक्या क्षणी दांडा सरकवायचा. क्षण चुकला की करकर आवाज आणि चढावर गाडी उभी. एसटीचे जुने चालक हे वाचून मान डोलावतील.

रात्र झाली की झोपायचं कुठे? केबिनमध्ये बिछाना नसे. शहराशहरांत ड्रायव्हरांसाठी खानावळीवजा मुक्कामाची घरं होती, एका खोलीत चार-सहा खाटा. दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी अशी खाट वाटून घेतली जायची, त्यामुळे आधीच्या माणसाच्या उबेतच झोपायचो, असं सांगताना म्हातारे ड्रायव्हर आजही हसतात. रस्त्याकडेला ट्रान्सपोर्ट कॅफे असायचे, म्हणजे त्यांचे धाबेच. तिथे जाड कपात कडक चहा, अंडी, बेकन आणि पुढच्या रस्त्याची खबर मिळायची.

दोर आणि ताडपत्री

या सगळ्यात ज्या गोष्टीबद्दल जुने ड्रायव्हर सगळ्यात अभिमानाने बोलतात ती म्हणजे माल बांधणं. बहुतेक लॉऱ्या उघड्या, सपाट फळीच्या. त्यावर लोकरीचे गठ्ठे, पत्र्याचे रोल, फळांच्या पेट्या, काहीही. माल रचायचा, त्यावर ताडपत्री टाकायची, तिच्या कडा पाकिटासारख्या दुमडायच्या म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि मग दोर. दोर ओढायला एक खास गाठ होती, ‘डॉली’. दोराचाच फास करून त्याची कप्पीसारखी मदत घ्यायची, म्हणजे एका माणसाच्या ताकदीत दोर तारेसारखा ताणला जातो आणि सोडताना एका झटक्यात सुटतो.

ताडपत्री कशी बांधलीय यावरून ड्रायव्हरची लायकी ठरायची. सैल, फडफडणारी ताडपत्री घेऊन कॅफेसमोर गाडी लावली की आतले लोक खिडकीतून बघून काय ते समजायचे. पावसात भिजलेली ताडपत्री कमालीची जड व्हायची आणि लोडवर चढून ती ओढताना घसरून पडलेल्यांची संख्याही कमी नव्हती.

१९६०च्या दशकाच्या शेवटी कंटेनर आले. त्याच सुमारास चेशरमधल्याच काँगल्टन गावातल्या बोअलॉय कंपनीने बाजूला पडदे असलेली बॉडी काढली, सरकवली की उघडते आणि पट्टे आवळले की बंद. आज युरोपभर हीच दिसते. काम सोपं झालं, सुरक्षित झालं, आणि डॉली बांधणाऱ्या हातांची गरज संपली.

सरकारचाही या धंद्यात मोठा हात होता. १९३३च्या कायद्याने मालवाहतुकीला परवाने लागले. दुसऱ्यांचा माल वाहणाऱ्यांना ‘ए’, स्वतःचाच माल वाहणाऱ्यांना ‘सी’, दोन्ही करणाऱ्यांना ‘बी’. महायुद्धानंतर लेबर सरकारने १९४७ मध्ये लांब पल्ल्याच्या वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण केलं. तीन हजारांहून जास्त खासगी कंपन्या सरकारने घेतल्या आणि ब्रिटिश रोड सर्व्हिसेस नावाची एकच संस्था उभी राहिली. उरलेल्या खासगी मालकांना आपल्या ठाण्यापासून २५ मैलांच्या पलीकडे जायला खास परवानगी लागायची. १९५३ मध्ये चर्चिल यांच्या सरकारने हे बरंचसं उलटवलं आणि लॉऱ्या पुन्हा विकायला काढल्या. बापाने उभा केलेला धंदा सरकारजमा झाला आणि पाच-सहा वर्षांनी मुलाने एक-दोन लॉऱ्या घेऊन तो नव्याने सुरू केला, अशा घरांच्या आठवणीत दारावर रंगवलेल्या त्या नावाला एवढी किंमत का आहे, हे यातून कळतं.

मग हे सगळं गेलं कुठे?

सोपं उत्तर म्हणजे परदेशी लॉऱ्यांनी खाल्लं. पण तेवढंच नाही.

ब्रिटन आणि स्वीडन दोघंही एफ्टा या व्यापार गटात होते आणि १९६६ संपताना त्यांच्यातली औद्योगिक मालावरची जकात उठली. लगेचच व्होल्वो आणि स्कॅनिया आल्या. त्यांच्यात चांगला हीटर होता, आरामशीर सीट होती, मागे झोपायला बिछाना होता. म्हणजे ज्या त्रासाच्या गोष्टी आज मायेने सांगितल्या जातात, त्याच त्रासाला कंटाळून तेव्हाच्या ड्रायव्हरांनी मालकाकडे व्होल्वोचा हट्ट धरला. जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांच्या आठवणी काढणाऱ्यांना ही गोष्ट जरा अडचणीची वाटते, पण ती खरी आहे.

दुसरीकडे घरातच गोंधळ होता. लेलँडने अल्बियन, स्कॅमेल, एईसी एकेक करून पोटात घेतल्या आणि १९६८ मध्ये कार बनवणाऱ्या ब्रिटिश मोटरशी जोडून ब्रिटिश लेलँड नावाचा प्रचंड डोलारा उभा राहिला. लॉरीच्या धंद्यातला पैसा कारच्या धंद्यातलं भोक बुजवायला गेला. १९७५ मध्ये सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. १९७९ मध्ये एईसीचा साउथॉलचा कारखाना बंद झाला, १९८८ मध्ये स्कॅमेलचा. फोडन १९८० मध्ये अमेरिकन पॅकारकडे गेली आणि २००६ मध्ये ते नाव संपलं. त्या ६३ वर्षांच्या गृहस्थाची ईआरएफ शेवटी जर्मन एमएएनच्या हातात गेली आणि २००७ मध्ये तीही मिटली. सँडबॅचच्या दोन घराण्यांचा शेवट असा एका वर्षाच्या अंतराने झाला.

ज्या गावात तीन पिढ्या एकाच गेटमधून कामाला गेल्या, तिथे कारखाना पडल्यावर त्या कंपनीची लॉरी म्हणजे नुसतं यंत्र राहत नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लेलँड गावात आजही कारखाना आहे आणि लॉऱ्याही बनतात, पण त्यांच्यावर नाव असतं डॅफ. नव्या ट्रकच्या तोंडावर लेलँड हे नाव बघायचं असेल तर भारतात यावं लागतं. १९५० मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सने लेलँडशी करार केला, १९५५ मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं, एन्नोरला लेलँडची ‘कॉमेट’ बनू लागली. आपल्या भंडाऱ्यातही त्यांचा कारखाना आला. १९८७ मध्ये ब्रिटिश कंपनीने आपला वाटा हिंदुजांच्या गटाला विकला. आई गेली, लेक नांदतेय. बेडफर्डचंही तसंच, ती ब्रिटनमध्ये संपली तरी पाकिस्तानात नक्षीकाम केलेल्या ट्रकांच्या रूपात दिमाखात राहिली.

आठवण नेमकी कशाची येते?

थंडी, कंबरदुखी आणि कमी पगार यांची कुणालाच येत नाही. त्या काळच्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे गेटबाहेर पडल्यावर माणूस स्वतःचा मालक असायचा. फोन नाही, जीपीएस नाही. रस्ता कुठला घ्यायचा, कुठे थांबायचं, बिघाड झाला तर काय करायचं, सगळं त्याचं तो ठरवायचा. १९६४ मध्ये तर एक गाय वॉरियर लॉरी लंडनहून थेट काबूलला गेली आणि त्यातून इराण, आखाताकडच्या रस्त्याने माल नेण्याचा एक अख्खा धंदा उभा राहिला. फोन लागेल की नाही याची खात्री नसताना महिना-महिना ते ड्रायव्हर बाहेर असत.

म्हणून मग टॅकोग्राफ आला तेव्हा एवढा भडका उडाला. वेग, वेळ आणि विश्रांती आपोआप नोंदवणारं हे यंत्र. युरोपीय नियमाप्रमाणे ते बसवणं भाग होतं, पण ब्रिटिश ड्रायव्हरांच्या संघटनांनी त्याला केबिनमधला हेर म्हटलं आणि सरकारही चालढकल करत राहिलं. शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सक्तीचं झालं. आता त्याकडे बघताना एक मान्य करावं लागतं. मालकाच्या दबावाखाली खोटं लॉगबुक भरून झोपेत गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या हेरानेच वाचवलं. स्वातंत्र्य गेलं हेही खरं, आणि त्या स्वातंत्र्याची किंमत कधी कधी समोरून येणाऱ्या कारवाल्याने मोजली होती हेही खरं.

आज या लॉऱ्या बघायच्या असतील तर लेलँड गावातच ब्रिटिश कमर्शियल व्हेईकल म्युझियम आहे, १९८३ मध्ये सुरू झालेलं. चालत्या लॉऱ्या बघायच्या तर ब्रायटनची फेरी. कायदाही या छंदाला थोडा हात देतो. ४० वर्षांपेक्षा जुनी गाडी धंद्याला वापरत नसाल तर रोड टॅक्स माफ. गार्डनरची इंजिनं होड्यांमध्येही बसवलेली असल्याने त्यांचे जाणकार आणि सुटे भाग अजून मिळतात. आणि १९६० च्या आधी बनलेली लॉरी रिकामी चालवायची असेल तर जड वाहनाचं लायसन्सही लागत नाही, २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला साधं कारचं लायसन्स पुरतं. डबल क्लच मात्र कुणाकडून तरी शिकून घ्यावा लागतो.